फरसाणाचा डबा आणि संध्याकाळचा चहा

वजन कमी करू पाहणाऱ्याचा निश्चय बहुधा जेवणाच्या ताटावर नव्हे, तर संध्याकाळी 5 च्या चहासोबत उघडल्या जाणाऱ्या फरसाणाच्या डब्यापाशी ढळतो. 1 ग्रॅम स्निग्धांशातून 9 किलोकॅलरी मिळतात, म्हणून तेलात तळलेल्या शेवेची मूठभर रास दिसायला किरकोळ असली तरी हिशेबात जड जाते. त्यामुळे पहिला उपाय खरेदीचाच: किलोचे पाकीट स्वस्त पडते हा मोह टाळून लहान पाकीट आणावे आणि तेही भरल्या पोटी दुकानात जाऊन.

घरातील इतरांसाठी फरसाण ठेवावेच लागत असेल, तर ते पारदर्शक बरणीत न ठेवता स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवावे. हाताशी मात्र भाजलेले चणे, काकडी किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ असावी. खायचेच झाले, तर डब्यातून थेट न खाता लहान वाटीत काढून घ्यावे आणि डबा जागेवर ठेवूनच बसावे. दुपारच्या जेवणात वरण, उसळ किंवा दही पुरेसे नसेल, तर संध्याकाळची भूक केवळ निग्रहाने आवरत नाही. दिवाळीच्या उरलेल्या फराळाचे काय करावे, हा प्रश्न वेगळा. तो शेजाऱ्यांकडे वेळीच पोहोचवणे उत्तम.