जेरिॲट्रिक ऑन्कॉलॉजीत येताय? आधी पेशंटला खुर्चीतून उठताना बघा

वृद्धांच्या कॅन्सरवर काम करायला आलेली नवी मंडळी पहिले काही दिवस केमोचे प्रोटोकॉल घोकत बसतात. ते लागतंच. पण ७८ वर्षांचे दोन पेशंट घ्या: आजार एक, स्टेज एक. एक जण बँकेची कामं स्वतः करतो, दुसऱ्याला आंघोळीलाही आधार लागतो. फाइलमध्ये दोघं सारखेच दिसतात, आणि आपलं काम नेमकं तिथून सुरू होतं.

जी-८ पासून सुरुवात करा, म्हणजे वृद्ध कॅन्सर पेशंटची पहिली चाळणी करणारी छोटी प्रश्नावली. आठ प्रश्न, १७ पैकी गुण. १४ किंवा त्याहून कमी आले तर सविस्तर असेसमेंट करायचं, म्हणजे चालणं-फिरणं, रोजची कामं, औषधं, स्मरणशक्ती अशी सगळी तपासणी. मग पेशंटला खुर्चीतून उठवा, तीन मीटर चालवा, वळून परत येऊन बसू द्या. १२ सेकंदांच्या वर वेळ गेला तर पडण्याचा धोका आहे असं धरून चला. माझं लक्ष मात्र घड्याळापेक्षा हातांकडे जास्त असतं. उठताना खुर्चीचे हात किती घट्ट धरले, वळताना भिंत चाचपली का, हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

औषधांची नुसती चिठ्ठी पाहून भागत नाही, अख्खी पिशवी मागवा. वेगवेगळ्या ब्रँडची बीपीची एकच गोळी दोनदा चालू असते, झोपेची गोळी तर चिठ्ठीत नसतेच. किडनीचा अंदाज देणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नका. स्नायू झडलेल्या माणसाचं ते कमीच दिसतं, त्यामुळे क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी ते किती वेगानं बाहेर टाकते, हे काढावंच लागतं. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस किडनीच्या क्षमतेवरच ठरतो.

आणखी एक: प्रश्न आजोबांना विचारला की उत्तर मुलगा देतो. 'बाबा एकदम ठीक आहेत.' मुलाचं ऐकून घ्या, पण मग खुर्ची आजोबांकडे वळवून तोच प्रश्न पुन्हा विचारा, जरा मोठ्यानं.

मोठ्यानं का, तर वृद्धांच्या कॅन्सरवरच्या संशोधक आरती हुरिया यांच्या २०११च्या अभ्यासात केमोच्या गंभीर दुष्परिणामांचा अंदाज देणाऱ्या गोष्टींमध्ये कमी ऐकू येणंही होतं! शिवाय गेल्या सहा महिन्यांतलं पडणं, औषधं घ्यायला लागणारी मदत, लोकांत मिसळणं कमी होणं. पेशंट रोजची कामं कितपत करू शकतो यावर डॉक्टर अंदाजानं देतात तो परफॉर्मन्स स्कोअर तिथे कामाला आला नव्हता. संशोधनाकडे वळायचं असेल तर हा पेपर आधी वाचा.

त्यानंतर २०२१ची गॅप-७०-प्लस ही ट्रायल. सत्तरीपुढचे ७१८ पेशंट. निम्म्या केंद्रांतल्या डॉक्टरांना असेसमेंटचा सारांश आणि त्यानुसार उपचार बदलण्याच्या (डोस कमी करण्यासारख्या) शिफारशी दिल्या. त्यांच्या पेशंटमध्ये गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के, इतरांत ७१. सहा महिन्यांच्या जगण्यात लक्षणीय फरक नव्हता. सीनियर मंडळी हमखास विचारतात, 'डोस कमी केला तर आजार बळावणार नाही का?' तेव्हा हा निकाल तोंडपाठ असलेला बरा.

पहिला प्रकल्प छोटाच घ्या. तुमच्या विभागात चालू असलेल्या ट्रायलच्या अटी काढून बसा आणि वयाची अट नसतानाही किडनी, जुने आजार यांच्या नावाखाली किती वृद्ध बाहेर राहतात ते मोजा. त्याला ना फंड लागतो, ना मशीन. एथिक्स कमिटीची परवानगी लागेल का, एवढं मात्र गाइडना आधी विचारून घ्या.