इक्विलिब्रियम, गोटी सोडा आणि माझे गेलेले मार्क

दहावीपर्यंत माझं मराठी मीडियम, त्यामुळे अकरावी सायन्सचा पहिला महिना फळ्यावरचं वहीत उतरवण्यातच गेला. पुढे केमिस्ट्रीत 'इक्विलिब्रियम' आलं तेव्हा मी आपला समतोल म्हणजे तराजूची दोन पारडी असं धरून बसलो, म्हणजे भांड्यात निम्मं रिअॅक्टंट आणि निम्मं प्रॉडक्ट. ही चूक डोक्यात घेऊन मी दिवाळीपर्यंत फिरत होतो आणि कुणाला विचारायचीही लाज वाटायची. सारखा असतो तो वेग, माल नाही. पुढची रिअॅक्शन ज्या वेगाने चालते त्याच वेगाने मागची चालते, थांबलेलं काहीच नसतं. केसीची (म्हणजे इक्विलिब्रियम कॉन्स्टंटची, प्रॉडक्ट आणि रिअॅक्टंट यांचं प्रमाण सांगणाऱ्या आकड्याची) किंमत १० रेज टू १० असली तर भांड्यात जवळपास सगळं प्रॉडक्टच, तरी ते इक्विलिब्रियमच.

क्लासमध्ये टाकीचं उदाहरण हमखास देतात, वरून नळ चालू, खालून गळती, पातळी तेवढीच. मला ते कधीच पटलं नाही, कारण टाकीत पाणी बाहेरून येतं आणि बाहेर जातं, इथे तर झाकण घट्ट लावलेलं भांडं लागतं. त्यापेक्षा गोटी सोडा बघा. गोटी आतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रेशरने वर रबरी रिंगला चिकटून बसलेली असते, पाण्यातला गॅस वर येतोय, वरचा पाण्यात जातोय, पण बाहेरून बाटली एकदम शांत. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्स! वरचं प्रेशर गेलं, म्हणून विरघळलेला गॅस बाहेर धावला. ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच, तुम्ही एका बाजूला ढकललं की सिस्टिम ते ढकलणं कमी होईल अशा बाजूला सरकते. उन्हात तापलेला सोडा जास्त उसळतो तेही यातच बसतं, कारण हा गॅस पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते.

यावर बोर्डाचा लाडका प्रश्न म्हणजे अमोनिया. नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून ४ मोलचे २ मोल होतात आणि उष्णता सुटते, म्हणजे प्रेशर वाढवा आणि टेम्परेचर कमी ठेवा, बरोबर ना? मग कारखान्यात ४५० डिग्रीच्या आसपास का तापवतात? कारण थंडीत अमोनिया जास्त मिळेल खरा, पण इतक्या हळू की शेतकरी युरियाची वाट बघत म्हातारा होईल. म्हणून मधला मार्ग काढलाय, त्यात लोखंडाचा कॅटालिस्ट (रिअॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) आणि साधारण २०० अॅटमॉस्फिअर प्रेशर. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे, तिथल्या अमोनियामागेही हेच गणित. कॅटालिस्ट फक्त लवकर पोचवतो, कुठे पोचायचं ते बदलत नाही, आणि केसीची किंमत बदलते ती फक्त टेम्परेचरने. एवढ्या एका वाक्यावर माझे निदान तीन एमसीक्यू वाचलेत.

बारावीला आयनिक इक्विलिब्रिया (पाण्यातल्या आयनांचं इक्विलिब्रियम) येतं आणि बरीच मुलं अकरावीचा चॅप्टर सोडून थेट यावर उडी मारतात. नका करू. नाव बदललंय, आत तेच आहे. खरी अडचण इथे केमिस्ट्रीची नाहीच, लॉगची आहे. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि पीएचवरून हायड्रोजन आयन काढताना सगळे तिथेच गळतात. पीएच ४.७ दिला, तर आपण मायनस ४.७ घेऊन टेबलमध्ये सरळ .७ शोधतो, जे चूक आहे, मायनस ४.७ म्हणजे मायनस ५ अधिक ०.३, म्हणून अँटिलॉग ०.३ चा बघायचा, तो येतो साधारण २, उत्तर २ गुणिले १० रेज टू मायनस ५. प्रिलिमला मी याच्यावर पूर्ण गणित घालवलंय. लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७१ एवढं पाठ ठेवा, अर्ध्या वेळा टेबल उघडावंच लागत नाही.

वीक अॅसिडची गणितं करताना 'अल्फा छोटा आहे म्हणून सोडून दिला' असं सगळे डोळे झाकून लिहितात (अल्फा म्हणजे अॅसिडचा किती भाग आयनांत सुटला ते). ०.१ मोलर अॅसेटिक अॅसिड घ्या, केए (अॅसिड सुटण्याचा इक्विलिब्रियम कॉन्स्टंट) १.८ गुणिले १० रेज टू मायनस ५, अल्फा येतो १.३४ टक्के आणि पीएच २.८७, इथे चालतं. तेच ०.००१ मोलर केलं तर शॉर्टकटने अल्फा साधारण १३.४ टक्के येतो आणि क्वाड्रॅटिक सोडवलं तर १२.५. पाच टक्क्यांच्या वर गेलं की मुकाट्याने क्वाड्रॅटिक करायचं. आणि १० रेज टू मायनस ८ मोलर एचसीएलचा पीएच ८ लिहून आलात तर एकदा उत्तराकडे बघा, अॅसिड बेसिक कसं होईल? पाण्याचे स्वतःचे आयन धरले नाहीत म्हणून असं होतं, धरले की ६.९८ येतो.

कॉमन आयन इफेक्ट मात्र मला पुस्तकातून कळलाच नाही, तो सॉल्ट अॅनालिसिसने (दिलेल्या सॉल्टमध्ये काय आहे ते ओळखायचं प्रॅक्टिकल) शिकवला. ओएसमध्ये (ओरिजिनल सोल्युशन, म्हणजे सॉल्टचं द्रावण) तिसऱ्या ग्रुपची टेस्ट करायची होती (धातूंचे आयन ग्रुपवार ओळखतात, अॅल्युमिनियम तिसऱ्यात), आधी अमोनियम क्लोराईड, मग अमोनियम हायड्रॉक्साईड. मी घाईत पहिलं टाकलंच नाही. पांढरा चिकचिकीत पीपीटी (प्रेसिपिटेट, खाली बसणारा साका) आला, मी खुशीत जर्नलमध्ये अॅल्युमिनियम ठोकलं. मॅडमनी ट्यूब उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "क्लोराईड घातलं होतंस का रे?" मी गप्प.

झालं असं की अमोनियम हायड्रॉक्साईड वीक बेस आहे, त्याच्यात क्लोराईड घातलं की अमोनियम आयनांची गर्दी होते, डिसोसिएशन (आयनांत सुटणं) मागे ढकललं जातं आणि हायड्रॉक्साईड आयन अगदी थोडे उरतात. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साईडचा केएसपी (सोल्युबिलिटी प्रॉडक्ट, जेवढा लहान तेवढं लवकर खाली बसतं) १० रेज टू मायनस ३३ च्या घरात, त्याला तेवढेही पुरतात. मॅग्नेशियमचा मायनस ११ च्या घरात (दोघांचे फॉर्म्युले वेगळे, थेट तुलना करू नका, पण अंतर तरी बघा), त्याला पुरत नाहीत, तो सोल्युशनमध्येच राहतो. माझ्या ट्यूबमध्ये गर्दीच नव्हती म्हणून मॅग्नेशियमच खाली बसला होता.

नवीन ट्यूब घेतली, चिमूटभर क्लोराईड जास्तच घातलं, मग हायड्रॉक्साईड थेंब थेंब. वास नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, ट्यूब स्वच्छच राहिली. मॅग्नेशियम सापडलं सहाव्या ग्रुपला, फॉस्फेट घालून काचेच्या कांडीने ट्यूबची भिंत खरवडल्यावर.