एअर रायफलची हवा गळतेय? ओ-रिंग घरीच बदला, सोलापुरात रिंग कुठं मिळते ते पण सांगतो

रायफलचा हवेचा सिलेंडर लावला की फुस्स आवाज येतोय, किंवा काल संध्याकाळी गेजचा काटा १८० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) होता आणि आज बघितलं तर १२० वर, नाहीतर पोरगं रायफल नीट स्थिर धरूनसुद्धा पेलेट, म्हणजे शिशाच्या गोळ्या, एकाखाली एक उभ्या रेषेत पडायलेत, असं काही होत असेल तर रायफल लगेच कुरियरनं पुण्या-मुंबईला पाठवू नका. बऱ्याचदा भानगड एका काळ्या रबरी ओ-रिंगची असते. कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर कंपनीत पाठवतो का, नाही ना, तसंच हे. तिकडं पाठवली की पोराची प्रॅक्टिस बंद आणि राज्य स्पर्धा तोंडावर, वर रायफल कधी येईल ते विचारायला फोन करत बसायचं ते वेगळंच.

पण हात कुठं लावायचा आणि कुठं नाही ते आधी ठरवून घ्या. आपण बदलायच्या जागा तीनच. एक, सिलेंडर रायफलला फिरवून बसवतो तिथल्या जोडाची रिंग. दोन, पेलेट नळीत ढकलणारा जो प्रोब असतो त्याच्यावरची किंवा त्याच्यासमोरची रिंग. तीन, ज्यांच्याकडं नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली गन आहे त्यांचा ब्रीच सील, म्हणजे नळीच्या जोडावरची रिंग. रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग), सिलेंडरच्या तोंडातला व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज, या तिघांना कुणी कितीही यूट्यूब दाखवलं तरी हात लावायचा नाही, तिथं २०० बार असतंय, चारचाकीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतंय म्हणजे विचार करा.

सुरुवात हवा काढण्यापासून. पेलेट आत नाही ना ते बघा, सिलेंडर हातानं सावकाश फिरवून काढा, आणि मग रायफलच्या आत अडकलेली हवा टार्गेटच्या दिशेनं रिकामे शॉट मारून संपवा, आवाज पूर्ण मरेपर्यंत. स्प्रिंगवाल्या गनला मात्र हे चालत नाही, तिला पेलेटशिवाय मारलं की पिस्टन समोर आपटतो आणि स्प्रिंग-सीलची वाट लागते. तिची नळी सील दिसण्यापुरतीच उघडायची, पूर्ण ओढून कॉक करायची नाही, आणि दुसऱ्या माणसाला नळी घट्ट धरून उभं करायचं, कारण ती सटकून मिटली तर बोट जातंय.

रिंग काढायला स्क्रू ड्रायव्हर किंवा सुई नको. लाकडी टूथपिक घ्या, रिंगच्या खाली सरकवा, उचला, बाहेर. लोखंडी टोकानं खाचेत बारीक चरा पडला तर नंतर सोन्याची रिंग घातली तरी हवा गळणारच. जुनी रिंग फेकू नका, ती कागदावर ठेवून मोबाईलवर फोटो काढा, कोणत्या जागेची ते लिहा.

आता मुख्य काम, माप. लोक जुनी रिंग घेऊन दुकानात जातात आणि "अशीच द्या" म्हणतात, तिथंच घोळ होतो, कारण जुनी रिंग दबून चपटी झालेली असते, तिची जाडी खरी राहिलेलीच नसते. डिजिटल व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायचं साधन) रिंग बसते त्या खाचेची रुंदी, खोली आणि खाचेच्या तळाचा व्यास घ्या. रिंगची दोन मापं लागतात, आतला व्यास आणि रिंगच्या रबरी दोरीची जाडी. जाडी खाचेच्या खोलीपेक्षा थोडी जास्त पाहिजे म्हणजे ती दबून सील होते, आणि आतला व्यास खाचेच्या तळापेक्षा किंचित कमी, म्हणजे ताणून बसते. रायफलच्या मॅन्युअलमध्ये पार्ट लिस्ट असेल तर माप बहुतेक वेळा तिथंच छापलेलं असतं, ते आधी बघा, उगाच व्हर्नियर फिरवत बसू नका.

सोलापुरात हे मिळवायला स्पोर्ट्सच्या दुकानात जाऊ नका, तिथं नुसते बघत राहतील तुमच्याकडं. आपलं गाव चादरी-टॉवेलचं, मशिनरी सगळीकडं, त्यामुळं अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला हायड्रॉलिक-न्यूमॅटिक सील विकणारे आणि बेअरिंगवाले सापडतात, त्यांना ही भाषा कळते. मागताना नुसतं "रबर रिंग" म्हणू नका, "नायट्रिल, ९० शोअर" म्हणा, नायट्रिल हा रबराचा प्रकार आणि शोअर हे त्याच्या कडकपणाचं माप. ७० शोअर ही नेहमीची मऊ रिंग, कमी दाबाला झकास, पण २०० बारच्या जोडाला ती फटीतून बाहेर दाबली जाऊन कुरतडली जाते. प्रोबची रिंग मऊ चालू शकते, तिथं मॅन्युअल सांगेल ते. आणि एक घेऊ नका, पाच-सहा घ्या, चहाच्या पैशात येतात.

बसवायच्या आधी खाच सुती कापडानं कोरडी पुसा, रॉकेल-पेट्रोल नको. मग रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, चमक येईल इतपतच. इथं लई लोक घरात असेल ते लावतात, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, एकानं तर खोबरेल तेल लावलेलं मी बघितलंय. दाबलेल्या हवेत ऑक्सिजन दाटलेला असतो, दाब एकदम वाढला की हवा तापते आणि तेलाची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून हा शिस्तीचा नाही, सेफ्टीचा मुद्दा आहे. रिंग आट्यांवरून सरकवायची असेल तर आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप एक वेढा गुंडाळा, म्हणजे रिंग कापली जात नाही, रिंग बसली की टेप काढून टाका. पीळ पडू देऊ नका, बसल्यावर बोटानं सगळीकडून चाचपून बघा.

सिलेंडर हातानंच फिरवायचा, पान्हा नाही. मग भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं जोडावर लावा, बुडबुडे आले नाहीत तर झालं, लगेच पुसून कोरडं करा. स्प्रिंगवाल्या गनला टिश्यू पेपरची पट्टी नळीच्या जोडावर टाका, डोळ्याला चष्मा लावा आणि पेलेट भरून पेलेट ट्रॅपमध्ये (गोळी अडवणारी पेटी) एक शॉट मारा, पट्टी फडफडली तर सील अजून बसलेला नाही.

आणि आपल्या उन्हाळ्याचं एक गणित लक्षात ठेवा. मे महिन्यात दुपारी ४३ अंशाला गेज २०० दाखवत असेल तर पहाटे २८ अंशाला तेच गेज १९० च्या आसपास दाखवणार, एक थेंब हवा न गळता. त्यामुळं गळतीची तपासणी आज संध्याकाळी सातला आणि उद्या संध्याकाळी सातला करा, नाहीतर चांगली रिंग उगाच परत काढाल. भरलेला सिलेंडर बंद कारमध्ये उन्हात ठेवून बाजारात फिरायला जाणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

रिंग बदलूनही गळत असेल, तर सिलेंडरवरची तारीख वाचा. मॅच रायफलच्या सिलेंडरला साधारण १० वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपलेला सिलेंडर वापरायचा नाही ही जबाबदारी आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात नेमबाजावरच टाकलेली आहे. तारीख ठीक असेल तर मग व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर, तेव्हा मात्र कुरियर करा.

उरलेल्या रिंगा झिपच्या पुडीत, मापाची चिठ्ठी घालून, टूथपिक आणि ग्रीससकट किट बॉक्समध्ये टाका. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, मॅचच्या दिवशी हवा कमी-जास्त होऊन परवडत नाही, आणि रेंजवर सकाळी आठला कुठलंच सीलचं दुकान उघडं नसतं.