जुन्या गवयांच्या तबकड्या नव्या अल्बमसाठी: आधी पट्टी, मग खरखर

तबकडी स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एक थेंब पुरे. लेबल कोरडं ठेवा. वाळवा पंख्याखाली. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवाल तर संध्याकाळी पापड गोळा कराल. सुई तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीसाठीची. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन नुसता कचरा वाचते. संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा.

आता वेग. ‘७८ म्हणजे ७८’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधीच्या, भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या तबकड्यांचा वेग सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही असतो. नंतरच्याही नेमक्या असतातच असं नाही. मी पहिल्या खेपेला सगळ्या बाजू ७८ वर उतरवून, साफ करून नागपूरच्या महाल भागातल्या एका आजींना ऐकवल्या. त्यांनी तबकडीवरच्या बुवांना लहानपणी समोर बसून ऐकलेलं. दुसऱ्याच तानेला म्हणाल्या, “अरे बाप्पा, बुवा असे किनरे नव्हते!” तीन आठवडे पाण्यात.

तेव्हापासून आधी पेटी काढतो. त्या तबकडीचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध लागत होता. साथीला पेटी असताना असं झालं की संशय घ्यायचा. अर्धा स्वर म्हणजे वेगात साधारण ६ टक्के; मधोमध म्हणजे त्याच्या निम्मे, ३ टक्के. म्हणजे खरा वेग एक तर ७५.७, नाही तर ८०.३. त्या काळच्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीला जुळतीलच असं नाही, म्हणून त्याच बैठकीतल्या दुसऱ्या तबकडीशी ताडा. मग दोन्ही वेगांवर ऐका: तान घाईत वाटते का, ‘आ’कार चिमटल्यासारखा येतो का? आमचा निकाल ७५.७ लागला. सुरुवातीचा आणि शेवटचा ‘सा’ही जुळवून बघा, तीन मिनिटांतसुद्धा सरकतो. आणि लय तशीच ठेवून पट्टी बदलणारं ते बटण? हात लावू नका. वेगच बदला.

खरखर सगळ्यात शेवटी. खरखर म्हणून काढून टाकलेला आवाज वेगळा ऐका. त्यात गळ्याची सावली आली तर हात आखडता घ्या.

प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा कॉपीराइट संपलाय ना, तेवढं तपासा.

आणि तबकडीच्या शेवटी गवयाने ओरडून सांगितलेलं स्वतःचं नाव कापू नका. गौहर जानच्या तबकड्यांतलं ‘माय नेम इज गौहर जान’ कापलं तर ऐकणारे तुम्हालाच शिव्या घालतील.