विजेवरची मोटार घेण्याआधी प्लगचा हिशेब

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरमधल्या गृहसंकुलात राहणारे कुटुंब विजेवर चालणारी मोटार घ्यायचे ठरवते, तेव्हा सारी चर्चा शोरूमच्या दरपत्रकाभोवती फिरते. चार्जिंगची सोय ही या मोटारीची पूरक वस्तू आहे, म्हणजे तिच्याशिवाय मोटारीचा उपयोग नाही. तिचा खर्च दरपत्रकात नसतो आणि तिच्यावरचा ताबाही बहुधा आपल्या एकट्याकडे नसतो.

प्रथम घरचे आणि बाहेरचे चार्जिंग असे दोन हिशेब वेगळे मांडावेत. उदाहरणादाखल महिन्याला १,००० किलोमीटर धाव, लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार, १०० रुपये लिटर पेट्रोल आणि एका युनिटमध्ये ७ किलोमीटर जाणारी विजेवरची मोटार धरू. घरची वीज १० रुपये युनिट धरल्यास महिन्याला सुमारे ५,२४० रुपये वाचतात, तर सार्वजनिक केंद्रावर २० रुपये मोजल्यास सुमारे ३,८१० रुपयेच वाचतात. मोटार ३ लाखांनी महाग असेल, तर हा फरक पहिल्या स्थितीत पावणेपाच वर्षांत आणि दुसऱ्या स्थितीत साडेसहा वर्षांत भरून निघतो. मोटार तीच, फक्त प्लगची जागा बदलली. (केंद्रावर रांगेत गेलेला वेळ यात धरलेला नाही, त्याचे मोल सीएनजीवाल्यांना विचारावे.)

यानंतर सोसायटीकडे वळावे, आणि तेही बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी. मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंतचे अंतर परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून मोजून घ्यावे, इमारतीच्या मंजूर भारात (वीज कंपनीने इमारतीला ठरवून दिलेल्या कमाल वीजवापराच्या मर्यादेत) जागा आहे का ते तपासावे आणि नसल्यास महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करण्याविषयी समितीशी बोलावे. १५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॉट मिळतात. ३० युनिटची बॅटरी त्यावर साधारण रात्रभरात भरते, त्यामुळे रोजच्या ठाणे–वाशी फेरीसाठी महागडा चार्जर बसवण्याची घाई नको.

खरा पेच पहिल्या ग्राहकाचा असतो. मुख्य केबल आणि भारवाढ यांचा खर्च त्याने एकट्याने सोसला, तर पुढच्यांना आयती सोय मिळते. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि कोणीच मोटार घेत नाही. यावर उपाय म्हणजे सर्वसाधारण सभेत लेखी ठराव करून घेणे: जो सभासद नंतर जोडणी घेईल, त्याने मूळ खर्चातील आपला वाटा आधीच्यांना द्यावा. समजा सामाईक खर्च १,२०,००० रुपये आला, तर एकट्यावरचा हा भार सहा जणांत प्रत्येकी २०,००० वर येतो. सब-मीटर मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र असावा, कारण सामाईक बिलावरून होणारे वाद सभेचा वेळ खातात.

भाडेकरूंनी पक्क्या केबलवर पैसा घालू नये, कारण घर सोडताना ती भिंतीतच राहते. त्यांना काढता येण्याजोग्या बॅटरीची स्कूटर अधिक सोयीची आहे. तिची बॅटरी घरातल्या सॉकेटवर भरता येते आणि घर बदलले तरी चार्जर सोबत नेता येतो.