मोठ्या प्रिंटवर दाणे नको असतील तर

३५ मिमी निगेटिव्हवरून १२ × १६ इंची प्रिंट काढायचा असेल तर ४०० स्पीडची (प्रकाशाला जास्त संवेदनशील, म्हणून ठळक दाण्यांची) कृष्णधवल फिल्म बाजूला ठेवा. कमी स्पीडची इलफर्ड डेल्टा १०० घ्या, आणि तिला एक्स्पोजर जास्त वेळ लागतं म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर चढवा. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, परसेप्टॉल; तयार द्रावणात जादा पाणी न घालता. त्यात फिल्मचा स्पीड घटतो, म्हणून लाइट मीटरवर फिल्मचा स्पीड ५० लावा. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त डेव्हलप केलं की दाणे उठलेच.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येतं. बाटल्या बर्फाच्या टबात ठेवून डेव्हलपर २० अंशांवर आणा. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच्या आसपासच हवं. थंडातून एकदम गरम पाण्यात गेलेल्या फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो, आणि ती बारीक जाळी मग कशानेच जात नाही.