सारख्या दिसणाऱ्या कार्ड गेमचा वाद: नोटीस येण्याआधीची तयारी

पॅक फोडायचा, डेक बांधायची, दर फेरीला थोडी ताकद जमवायची, ती खर्चून सैनिक उतरवायचे आणि समोरच्याचा जीव शून्यावर आणायचा. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आला, तेव्हापासून ट्रेडिंग कार्ड गेमचा बहुतेक सगळा संसार याच सांगाड्यावर उभा आहे. त्यामुळे तुम्ही आज डिजिटल कार्ड गेम बनवत असाल, तर तो कुणाच्या ना कुणाच्या खेळासारखा दिसणारच. ‘साम्य नको’ म्हणून तयारी करण्यात अर्थ नाही. कोणतं साम्य सगळ्यांचं सामाईक आहे आणि कोणतं दुसऱ्याच्या मालकीचं, हे बाजारात उतरण्याआधी कागदावर मांडून ठेवणं, हीच खरी तयारी.

सुरुवात एका कार्डापासून करा. समजा तुमच्या खेळात ‘खिंडीतला पहारेकरी’ नावाचं कार्ड आहे. किंमत २, हल्ला १, बचाव ३. ते पटावर आलं की विरोधकाचं पुढचं कार्ड १ ने महाग होतं. खाली तिरप्या अक्षरात एक ओळ आहे, वर मशाल धरलेल्या म्हाताऱ्याचं चित्र आहे, कडेला दगडी चौकट आहे आणि कार्ड टाकताना शिंग फुंकल्याचा आवाज येतो. आता हे कार्ड उसवा. किंमत, हल्ला, बचाव आणि ‘पुढचं कार्ड महाग’ हा परिणाम एका रकान्यात लिहा, कारण तो नियम आहे. म्हातारा, चौकट, तिरपी ओळ, शिंगाचा आवाज, कार्ड पडतानाची हालचाल दुसऱ्या रकान्यात लिहा, कारण ती अभिव्यक्ती आहे. नाव तिसऱ्या रकान्यात. ज्या खेळाशी तुमची तुलना होण्याची शक्यता आहे, त्याचं सर्वांत जवळचं कार्ड शेजारी ठेवून तेही असंच उसवा. निदान तुमच्या गाजतील अशा २०-२५ कार्डांचं हे काम व्हायलाच हवं. कंटाळवाणं आहे, पण पुढे वकील पहिल्या भेटीत हेच मागणार आणि तेव्हा घाईत केलेला तक्ता तुमच्याच अंगाशी येईल.

पहिल्या रकान्याबद्दल फार घाबरू नका. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट मिळत नाही, हे अमेरिकेतही मान्य आहे आणि आपल्याकडेही. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलं की कल्पनेवर मालकी नाही, तिच्या मांडणीवर आहे. कार्ड गेमबाबत याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण ह्यूस्टनच्या न्यायालयातलं आहे. इटलीच्या ‘बँग!’ या काउबॉयांच्या खेळात शेरीफ, त्याचा डेप्युटी, दरोडेखोर आणि फितूर अशा भूमिका असतात. चीनमधल्या एका खेळाने तोच सांगाडा उचलून त्यावर चीनच्या इतिहासातल्या तीन राज्यांच्या काळातला राजा, मंत्री, बंडखोर आणि फितूर चढवले. एकीकडे विली द किड हे पात्र हवे तितके ‘बँग’ खेळू शकतं, दुसरीकडे झांग फेई हे पात्र हवे तितके वार करू शकतं. इतकं साम्य असूनही २०१६ मध्ये न्यायालयाने निकाल चिनी खेळाच्या बाजूने दिला, कारण घेतलं होतं ते नियमांचं गणित आणि चित्रं, नावं, काळ सगळं वेगळं होतं. पण २०१४ मध्ये हाच दावा सुरुवातीलाच फेटाळावा ही विनंती न्यायालयाने नाकारली होती, हेही लक्षात ठेवा. बरोबर असूनही मधली दोन वर्षं खटला लढवावाच लागला.

दुसऱ्या रकान्यात मात्र हयगय नको. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयात ‘टेट्रिस’ची नक्कल करणाऱ्या कंपनीने हेच म्हटलं होतं की आम्ही फक्त नियम घेतले. न्यायाधीशांनी दोन्ही पडदे शेजारी ठेवले. ठोकळ्यांचं रूप, रंगछटा, पटाची मापं, ठोकळा कुठे पडणार ते दाखवणारी सावली, सगळं जसंच्या तसं. नियम तेच ठेवून वेगळं रूप देता आलं असतं, मग दिलं का नाही, या प्रश्नावर बचाव कोसळला. म्हणून तक्त्यातल्या दुसऱ्या रकान्यात जिथे जिथे साम्य दिसेल, तिथे एकच प्रश्न विचारा: हे वेगळं करता आलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर आजच बदला. मॅच सुरू असतानाचा पडदा, दुकानाचा पडदा, पॅक फुटतानाची चमक हे आधी बघा. स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवले की सगळ्यात आधी तेच डोळ्यांत भरतं.

या विषयावर बोलताना ‘हेक्स’चं नाव हटकून निघतं. ‘हेक्स: शार्ड्स ऑफ फेट’ या डिजिटल कार्ड गेमने २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर २२ लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आणि मे २०१४ मध्ये ‘मॅजिक’च्या मालकांनी, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्टने, सिअ‍ॅटलच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. दोन्हीकडे सुरुवातीला ७ कार्डं, २० जीव आणि पाच रंगांचे पाच पंथ. दावा तीन पायांवर होता: कॉपीराइट, पेटंट आणि ट्रेड ड्रेस, म्हणजे मालाच्या एकूण रूपावरून होणारी ओळख. सप्टेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली, अटी गुप्त राहिल्या. म्हणजे त्या खटल्यात कोण बरोबर हे न्यायालयाने कधीच ठरवलं नाही. तरीही दोन्ही बाजूंचे लोक तो ‘निकाल’ म्हणून तोंडावर फेकतात. तुमच्या उत्तरात तो नजीर म्हणून घालू नका. त्यातून घ्यायची ती तीन पायांची रचना. नोटीस हातात पडली की सगळ्यात आधी त्यातला प्रत्येक आरोप यांपैकी कोणत्या पायावर उभा आहे ते समासात लिहा. ‘आमच्या खेळाची चोरी’ असं मोघम लिहिलेलं असेल, तर कोणतं कार्ड, कोणतं चित्र, कोणतं पेटंट असं विचारणारं पत्र वकिलाकरवी जाऊ द्या. त्याआधी रागाच्या भरात एक ओळही पाठवू नका.

पेटंटची तयारी वेगळी, कारण तिथे नियमच अडचणीत आणतात. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) ने खेळ खेळण्याच्या पद्धतीला दारातच रोखलं आहे. पण तुमचा खेळ अ‍ॅप स्टोअरवर चढला की तो अमेरिकेत आणि जपानमध्येही विकला जातो. गारफिल्ड यांच्या नावावर १९९७ मध्ये मंजूर झालेलं अमेरिकी पेटंट क्रमांक ५६,६२,३३२ हे खुद्द ट्रेडिंग कार्ड गेम खेळण्याच्या पद्धतीवरच होतं आणि कार्ड आडवं फिरवून ते वापरलं असं दाखवणंही त्यात येत होतं. ‘हेक्स’वर दावा आला तेव्हा या पेटंटची मुदत संपत आली होती. तरी तिथल्या कायद्याने मागच्या ६ वर्षांच्या उल्लंघनाची भरपाई मागता येते, त्यामुळे ‘मुदत संपली, सुटलो’ असं धरू नका. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१४ च्या अ‍ॅलिस निकालानंतर नुसत्या नियमांची पेटंटं अमेरिकेत टिकणं अवघड झालं आहे, हा दिलासा खरा. सर्व्हर, जोड्या जुळवणं, बक्षिसांची सोडत अशा तांत्रिक भागांवरची पेटंटं मात्र अजूनही बघून ठेवावी लागतात. ज्या देशांत विकणार त्यांची यादी करा आणि शोध कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकून घेतला ते नोंदवा.

आता कागदपत्रं, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण छोट्या टीमचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होताना दिसतं. चित्रकार पगारावर असेल तर कामाचा पहिला मालक सहसा मालक-कंपनी असते. फ्रीलान्सरच्या बाबतीत तसं गृहीत धरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणखी एक तरतूद तर कार्ड गेमवाल्यांनी पाठच करावी: वेगळं ठरलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो गळून पडतो. दुसऱ्या विस्तारासाठी, म्हणजे नव्या कार्डांच्या संचासाठी, ४० चित्रं आधीच काढून घेतली आणि विस्तार दीड वर्ष लांबला, तर ती चित्रं तुमची राहिलीत का, हा प्रश्न उभा राहतो. यूपीआयची पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘ओके दादा’ म्हणजे हस्तांतर नव्हे. प्रत्येक कार्डासमोर चित्रकार, कराराची तारीख, मुदत, ‘संपूर्ण जग’ हे शब्द आणि कच्च्या स्केचची फाइल अशी नोंद ठेवा. संगीत, आवाज, फॉन्ट यांचंही तेच. एआयकडून काढलेली चित्रं वेगळी खूण करून ठेवा. माणसाचा हात न लागलेल्या चित्राला अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही, तेव्हा तेच चित्र उद्या कुणी उचललं तर तुमच्या हातात फारसं काही उरणार नाही.

खेळ तुम्ही स्वतः घडवलात, याचा तारीखवार पुरावाही आत्ताच गोळा करा. गिटचा (कोडमधले बदल तारखेसह नोंदवणाऱ्या साधनाचा) इतिहास, डिझाइनची पहिली टिपणं, वहीत काढलेल्या कार्डांचे फोटो, प्लेटेस्टचे व्हिडिओ, एखादा नियम का बदलला याचं कारण. विशेषतः टाकून दिलेल्या आवृत्त्या जपा. नक्कल करणाऱ्याकडे चुका आणि फाटे नसतात, तुमच्याकडे असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा तिचा अंकाक्षरी ठसा, द्यावा लागतो. म्हणून महत्त्वाच्या टप्प्यांचे हॅश काढून तारखेसह साठवा. नोटीस आल्यावर मात्र काहीही पुसू नका. टीमच्या ग्रुपवर कुणी ‘अगदी त्यांच्यासारखंच कर’ असं लिहिलेलं असलं तरी नाही. तो मेसेज अडचणीचा आहे, तो पुसल्याचा पुरावा त्याहून कितीतरी अडचणीचा.

त्याच ओघात जाहिरातीचा मजकूर वाचून काढा. २०१४ मध्ये शांघायच्या न्यायालयात ब्लिझार्ड आणि नेटइझ या कंपन्यांनी ‘हार्थस्टोन’ या ब्लिझार्डच्या डिजिटल कार्ड गेमच्या नकलेवरून दावे लावले. नियमांना कॉपीराइट नाही हे तिथेही मान्य झालं, पण अनुचित स्पर्धेच्या दाव्यात प्रतिवादीला ३ लाख ५० हजार युआनची भरपाई द्यावी लागली. आपला खेळ म्हणजे ‘हार्थस्टोन’ची चिनी आवृत्ती, असा स्वतःच केलेला प्रचार त्यांना भोवला. स्टोअरचं वर्णन, यूट्यूबरला दिलेली टिपणं, शोधात वर येण्यासाठी टाकलेले शब्द यांत दुसऱ्या खेळाचं नाव कुठे आहे ते तपासा आणि काढून टाका. जुन्या मजकुराची प्रत जपून ठेवा.

नावाचा रकाना आपल्या देशाच्या अनुभवावरून भरा. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंचा ‘स्क्रॅबल’सारखा शब्दखेळ ‘स्क्रॅब्युलस’ फेसबुकवर तुफान चालला. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘स्क्रॅबल’च्या पटावरचा त्याची हक्कदार कंपनी मॅटेलचा कॉपीराइटचा मुद्दा मान्य केला नाही, पण नाव फसवं साम्य असलेलं ठरवून त्यावर मनाई दिली. खेळ वाचला, नाव गेलं. आधीच अमेरिका-कॅनडातून बाहेर पडावं लागलेल्या भावांनी गोल सोंगट्यांचा ‘वर्डस्क्रेपर’ उतरवला आणि पुढे ‘लेक्झुलस’ नावाने चालू राहिले. म्हणून ट्रेडमार्कचा शोध वर्ग ९ (सॉफ्टवेअर), २८ (खेळ-खेळणी) आणि ४१ (मनोरंजन सेवा) या तिन्हींत घ्या. आणि तुमच्या प्रोग्रामरला आजच सांगा की खेळाचं नाव, कार्डांची नावं, चौकटी आणि चित्रं कोडमध्ये गाडायची नाहीत, वेगळ्या फाइलींत ठेवायची. उद्या चौकट बदलायचा हुकूम आला तर खेळाडूंनी पैसे देऊन जमवलेला संग्रह जसाच्या तसा राहून फक्त रूप बदललं पाहिजे. ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून पॅक घेतले, त्यांच्याबद्दलची ही तुमची पहिली जबाबदारी आहे.

खेळ स्टोअरवरून उतरवला जाणं ही बहुधा पहिली चपराक असते. भारतात तक्रार लेखी आली की मध्यस्थाला, म्हणजे इथे स्टोअरला, ३६ तासांत दुवा बंद करावा लागतो आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. अमेरिकी पद्धतीत तुम्ही प्रतिनोटीस देऊ शकता, पण त्यात अमेरिकी फेडरल न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याची सही असते. पुण्यात बसून रात्री ११ वाजता ऑनलाइन फॉर्म भरताना ती ओळ नजरेतून सुटते. वकिलाला दाखवल्याशिवाय तो फॉर्म पाठवू नका.

वाद पेटणार असं दिसलं की न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकूनच हुकूम द्या’ अशी आगाऊ सूचना, दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम निघण्याचा धोका कमी होतो. वादी स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणीही कॉपीराइटचा दावा लावू शकतो, त्यामुळे फक्त मुंबईत कॅव्हेट देऊन भागत नाही, समोरच्याचं कार्यालय बघून दिल्ली किंवा बंगळुरूचाही विचार करा. कॅव्हेट ९० दिवसच चालतं, तारीख कॅलेंडरवर लावा. समोरचा नुसताच पोकळ धमक्या देत असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली तुम्हीच न्यायालयात जाऊ शकता.

तुमचाच खेळ कुणी उचलला असेल तर हाच तक्ता उलट बाजूने वाचा. फक्त नियम गेले असतील तर मन घट्ट करून सोडून द्या. रूप गेलं असेल तर त्यांचा खेळ विकत घेऊन पावतीसह मॅचचं पूर्ण रेकॉर्डिंग करा आणि उशीर करू नका. महिनोन्‌महिने गप्प बसलेल्याला अंतरिम मनाई मिळणं कठीण जातं. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण प्रमाणपत्र हाती असलं की सुरुवातीचा पुरावा तुमच्या बाजूला असतो. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून आधीच करा.

तडजोडीचा मसुदा आला तर रकमेच्या आधी चार गोष्टी वाचा: कोणती कार्डं बदलायची हे नावानिशी दिलंय का, बदलाला किती दिवस मिळतात, कोणत्या देशांना ते लागू आहे, आणि खेळाडूंकडे आधीच असलेल्या कार्डांचं काय होणार. चौथ्याचं उत्तर मसुद्यात नसेल तर ते लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.